ढवळलेले तेल

मित्रांनो, माझ्या पोटात शार्कच्या यकृताचे तेल आहे, म्हणून नाक मुरडू नका. मी बर्म्युडा बेटावरची एक जुनी बाटली आहे. एल्डन पिचर नावाच्या कोळ्याने यकृताचे तुकडे उन्हात टांगले, थेंब थेंब तेल माझ्यात गाळले, बुचाला मेण लावले आणि मला वळचणीखाली सावलीत अडकवले. हवा चांगली असली की माझे तेल नितळ राही. वादळ यायचे असले की तळाचा साका वर चढे. मला कोणी हलवायचे नाही, पुसायचेही नाही, असा त्या घराचा नियम होता.

होड्या पाण्यात लोटण्याआधी सगळी आळी मला बघून जाई. खरे सांगते, त्या कौतुकाने मी जरा चढूनच गेले होते. पुढे घरोघरी रेडिओ आले आणि लोक यायचे थांबले. एल्डन मात्र म्हातारा झाला तरी रोज सकाळी आधी मला बघायचा, मग चहा घ्यायचा.

एका सप्टेंबरात त्याची मुलगी वर्नेल टेकडीवरच्या आपल्या घरातून धावत खाली आली. ती शाळेत शिकवायची.

"पपा, चला वर माझ्याकडे. संध्याकाळपर्यंत वादळ येतंय."

एल्डनने माझ्याकडे बोट दाखवले. "हिला विचार. कसं स्वच्छ तेल आहे बघ!"

"तिला काय विचारू? आठ दिवसांपूर्वी ते आफ्रिकेजवळ नुसता ढगांचा पुंजका होतं. तापलेल्या समुद्राची वाफ वर चढत राहते, खालची जागा भरायला चहूकडून वारा धावतो. पृथ्वी फिरते ना, म्हणून तो गरगरायला लागतो. पाणी जितकं ऊन, तितका त्याचा जोर. आता ते इकडेच वळलंय."

"मास्तरीणबाई, मी काय तुमच्या वर्गात बसलोय? आणि एवढ्या लांबच्या वाफेला माझ्या घराचा पत्ता कोणी दिला?"

"थट्टा नको हो, पपा. हे घर अगदी पाण्याला लागून आहे."

"आपली बाटली कधी चुकलेली नाही," असे म्हणून तो होडी बांधायला खाली गेला.

वर्नेलच्या डोळ्यांत पाणी आले. मी जिवाच्या आकांताने गढूळ व्हायला बघत होते, पण साका तळ सोडेना. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तेवढ्यात तिने इकडेतिकडे पाहिले, मला दोन्ही हातांत धरले आणि गदागदा हलवले. सगळा साका वर आला. तिने मला घाईघाईने परत अडकवले.

एल्डन परत आला. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने माझी दोरी सोडली, मला आपल्या स्वेटरात गुंडाळले आणि म्हणाला, "चल, पोरी."

संध्याकाळी वादळ आले. आम्ही वर्नेलच्या तळघरात होतो. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन पाहिले, तर एल्डनच्या घराचे छप्पर नव्हते आणि समुद्राकडची भिंतही नव्हती.

वर्नेल रडू लागली. "पपा, बाटली मी हलवली होती. मी तुम्हाला फसवलं."

"ठाऊक आहे. वादळाचा साका हळूहळू वर चढतो. हा तर खाली बसत होता."

"मग आलात कशाला?"

"लहानपणीसुद्धा तू हिला कधी बोट लावलं नाहीस. म्हटलं, पोरगी भलतीच घाबरलीय. आता मी इथेच बसून राहिलो, तर पोरगीपण वादळात माझ्याजवळ बसेल."

मित्रांनो, आता मी वर्नेलच्या वळचणीला असते. माझ्या तेलाला वादळातले काही कळत नाही, असे शिकलेले लोक म्हणतात. असेलही. तरी आम्हा जुन्या वस्तूंना जपा, उगाच हलवू नका. पण तुमच्या काळजीने कोणी दारात रडत उभे असेल, तर आमच्याकडे बघत बसू नका. त्याच्याबरोबर निघा.