शालीतलं पाडस

“दादा, थोडं दूध आहे का हो? बाटली असली तर फारच बरं,” बाई धापा टाकत म्हणाल्या आणि त्यांनी छातीशी धरलेली शाल जराशी उघडली. आत हरणाचं पाडस होतं. आठवड्याचंही नसेल.

अभयारण्याच्या फाटकावरच्या चौकीदाराने पेन नोंदवहीवर ठेवलं. एकोणतीस वर्षं तो या डोंगराच्या पायथ्याशी येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहीत होता. सकाळी हेच तिघं हसतखेळत वर गेले होते: शाळेत शिकवणाऱ्या या बाई, त्यांचे यजमान आणि सहा-सात वर्षांची मुलगी. सुट्टीचा दिवस, पाठीवर डबा, गळ्यात दुर्बीण.

“कुठून उचललंत?”

“उचललं काय, वाचवलं म्हणा! गवतात एकटंच पडलं होतं. चांगला अर्धा तास वाट बघितली आम्ही. आई मेली असणार हो त्याची.”

“आई चरायला जाते, बाई,” तो हळूच म्हणाला. “पिल्लाला गवतात निजवून जाते. माणूस जवळ असला की येत नाही. तुम्ही बसलात तो अर्धा तास ती झाडीत उभी असेल. बघत.”

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. यजमान उगाचच दुर्बिणीचा पट्टा ओढत राहिले.

त्याने कचेरीत फोन लावला. “इकडे आणू नका,” साहेब म्हणाले. “ठेवायला जागा नाही, जनावरांचा डॉक्टर रजेवर. जिथून आणलं तिथेच नेऊन ठेवा.”

चौघं पुन्हा चढ चढू लागले. पण ‘तिथेच’ म्हणजे कुठे?

“तिसऱ्या वळणावर,” यजमान म्हणाले.

“छे हो, चौथ्या. ओढा ओलांडला होता आपण.”

“फोटो आहे की!” यजमानांनी घाईघाईने मोबाइल काढला. फोटोत मुलीचं हसू होतं, पाडसाचे कान होते आणि मागे गवत. गवताला काय, सगळा डोंगरच गवताचा.

“तिथे पिवळं फुलपाखरू होतं,” मुलगी ठामपणे म्हणाली.

बाई रडू लागल्या. “दादा, रागवा हो आम्हाला. काहीतरी बोला.”

तो काय बोलणार? त्याची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा मेहुणीने तान्ही लेक अशीच पदराखाली घेऊन नेली होती. “चार दिवस राहू दे माझ्याकडे, भावजी. तुम्ही जंगलात, हिला कोण बघणार?” चार दिवसांची चोवीस वर्षं झाली. लेक शिकली, सुखात आहे, दिवाळीसारखी वर्षातून एकदा भेटते आणि त्याला ‘अहो’ म्हणते. भांडायचं तरी कुणाशी? कुणी वाईट वागलंच नव्हतं.

साडेपाचला त्याने त्या तिघांना खाली पाठवलं. तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मध्ये, अंदाजाने, उंच गवत बघून पाडस ठेवलं आणि तो लांब जाऊन बसला. कुणी आलं नाही. सहाला फाटक बंद करायचं होतं. वर राहिलेले आणखी अकरा जण उतरत होते.

तो निघाला, तर पाडस उठून त्याच्या मागे आलं. लटपटत, पण नेटाने.

“बस. तिथेच बस, बाळा.” त्याने त्याला परत नेऊन गवतात दाबून बसवलं. ते पुन्हा उठलं. तिसऱ्यांदा तर पाडसाने त्याची बोटंच चोखायला घेतली.

मग त्या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी, चौकीदार उतारावरून पळत सुटला. मागून बारीक खुरांची टपटप दुसऱ्या वळणापर्यंत येत राहिली. मग यायची थांबली.

तोही थांबला. वळून न बघता, धाप ओसरेपर्यंत तसाच उभा राहिला.