कारैकालचं जाळं, कुंभकोणमचा कालवा

मी जाळं बोलतोय. निळ्या नायलॉनचं, मासे धरायचं जाळं. हल्ली मात्र मी कुंभकोणममध्ये एका कालव्याच्या तोंडाशी टांगलेला असतो आणि कचरा धरतो. तमिळ किनाऱ्यावरच्या कारैकालच्या जाळ्याला मराठी कशी येते, असं तुम्हाला वाटेल. माझा एक दोर ज्या घराच्या मागच्या पायरीला बांधलाय, तिथे मीनाक्षीबाई आणि त्यांचा मुलगा राजगोपाल राहतात. तंजावरच्या राजांबरोबर आलेलं घराणं. बाहेर तमिळ बोलतात, घरात मराठी, तीही फार जुन्या वळणाची. ऐकून ऐकून मी शिकलो.

मी एका कारखान्यात यंत्रावर विणला गेलो. कारैकालजवळच्या बाला नावाच्या कोळ्यानं मला घेतलं. शिशाचे मणी आणि तरंगते गोळे त्यानं स्वतः ओवले. फाटलो की दारात बसून शिवायचा. त्याच्या गाठी जरा तिरप्या पडायच्या, पण पक्क्या असायच्या.

एका वादळात माझे गोळे तुटले आणि मी बुडालो. पाण्याखालच्या खडकावर पसरून राहिलो. तिथेही माझं काम चालूच होतं, फक्त ओढणारं कोणी नव्हतं. मासे अडकत आणि तिथेच मरत. एकदा एक कासव अडकलं. ते बराच वेळ पाय मारत होतं, मग थांबलं.

पुढे त्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या संघानं ठरवलं की समुद्रात हरवलेली जाळी बाहेर काढायची. पाणबुडे बोलावले, गावोगावच्या होड्या लागल्या. त्यांनी मला वर काढलं. किनाऱ्यावर जाळ्यांचा ढीग पडला होता. बालानं आपल्या तिरप्या गाठी ओळखल्या आणि मला घरी नेलं. खराब झालेला भाग त्यानं कापून काढला. उरलेला मी अंगणात पडून राहिलो.

त्याच्या नव्या जाळ्यात मासे कमी आणि प्लास्टिक जास्त येऊ लागलं होतं. त्यात एकाच छापाची पिवळी पिशवी सारखी यायची. तिच्यावर लाल अक्षरांत कुंभकोणमच्या एका दुकानाचं नाव होतं. समया, कापूर, वाती, पूजेचं सामान. बाला त्या पिशव्या धुऊन वाळवून ठेवी. एक दिवस त्यानं मला पसरलं, त्यांचं गाठोडं माझ्यात बांधलं आणि कुंभकोणमची बस पकडली.

दुकानात राजगोपाल गल्ल्यावर होते. बालानं माझी गाठ सोडली.

“हे तुमचं?” त्यानं तमिळमध्ये विचारलं.

राजगोपाल चपापले. अशा पिशव्यांवर बंदी येऊन वर्षं झाली होती, तरी गल्ल्यामागे गठ्ठे रचलेले होते. “पिशवी आमची आहे,” ते म्हणाले. “पण फेकली गिऱ्हाइकानं. त्याला मी काय करू?”

“मग मी तरी काय करू? मी मासे धरायला जातो.”

दुकानामागेच घर. आवाज ऐकून मीनाक्षीबाई बाहेर आल्या. त्यांनी एक पिशवी उचलून वाचली आणि मुलाला मराठीत म्हणाल्या, “आधी त्यांस बसावयास सांग. मग मज सांग, हें नाव कोणाचें?”

“आजोबांचें.”

“मग तें समुद्रात काय करितें?”

राजगोपालनी बालासाठी खुर्ची पुढे ओढली. मीनाक्षीबाईंनी बालाला पितळी पेल्यातून कॉफी दिली आणि पिशव्या इथून कारैकालला कशा येतात ते विचारलं. येताना बालानं घरामागचा कालवा पाहिला होता; तो त्यांना मागच्या दारी घेऊन गेला. कालवा घरामागून जातो, थोडं पुढे अरसलार नदीत पडतो आणि अरसलार कारैकालला समुद्राला मिळते. कालव्यातून तेव्हाही पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या वाहत होत्या.

“हें जाळें इथे बांधाल काय?” बाईंनी विचारलं. मग लक्षात येऊन तेच तमिळमध्ये विचारलं.

बालानं मला आडवं ताणून बांधलं. दुसऱ्या दिवशी राजगोपालनी गल्ल्यामागचे गठ्ठे काढून टाकले आणि पिवळ्या कापडी पिशव्या आणल्या. काही गिऱ्हाइकं कुरकुरली. “घरून पिशवी आणा,” ते सांगत. सांगताना नजर मात्र खाली असे.

माझ्यात रोज कचरा साठे आणि मीनाक्षीबाई काठीनं तो ओढून काढत. चार दिवस पाऊस लागला तेव्हा त्यांना पायरीवर उतरता आलं नाही. कचऱ्यानं मी भिंतीसारखा झालो आणि पाणी मागे तुंबलं. पलीकडच्या घरातल्या गायत्री धावत आल्या. त्या शाळेत शिकवतात, त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले.

“अक्का, पाणी आत आलं. बाबांची खाट बुडतेय.”

राजगोपाल म्हणाले, “सोडलें तर सारा कचरा नदीत जाईल, आई.”

“जाऊं दे. तोड दोर.”

राजगोपाल कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि कोयत्यानं दोर तोडला. मी एका बाजूला फेकला गेलो. साठलेलं सगळं भसकन पुढे गेलं. गायत्रींच्या ओट्यावरचं पाणी उतरलं. मीनाक्षीबाई पायरीवर उभ्या राहून पुढे जाणारा कचरा पाहत होत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पाऊस उघडल्यावर राजगोपाल कारैकालला गेले. परत आले तेव्हा बाला बरोबर होता. “किनाऱ्यावर आपल्याच गावाचा कचरा उचलून आलों,” ते आईला म्हणाले. मीनाक्षीबाई बालाला म्हणाल्या, “माझ्यामुळे तुमच्याकडे अधिकच गेलं.”

“आडवं बांधलं ते मीच चुकलो, अम्मा,” बाला म्हणाला. “मासा धरायला बांधतात तसं बांधलं.”

या वेळी त्यानं मला तिरकं लावलं, खालून पाण्याला वाट ठेवून. त्यामुळे वाहतं ते सरकत काठाशी येतं. एका बाजूला हिसका देऊन सुटणारी गाठ ठेवली. कचरा काढायला आता गायत्री येतात, राजगोपाल येतात, समोरचा कॉफीवालाही कधीमधी येतो. पालिकेची गाडी साठलेला कचरा घेऊन जाते. गाडी कधी चुकतेही, मग कचरा पायरीवर पडून वास मारतो आणि सगळे एकमेकांवर चिडतात.

परवा बालाचा फोन आला होता. मीनाक्षीबाई पायरीवर बसून बोलत होत्या.

“तुमची पिशवी आता क्वचित दिसते, अम्मा.”

“मग काय येतं?”

“दुसऱ्या दुकानांच्या. दुसऱ्या गावांच्याही.”

“नावं सांगा,” बाई म्हणाल्या आणि आत वळून राजगोपालना हाक मारली. आता त्या दुकानांत ते जातात. कुठे चहा मिळतो, कुठे शिव्या.

मी थकत चाललोय. ऊन आणि गटाराचं पाणी यांनी धागे ठिसूळ झालेत. माझ्या जागी दुसरं जाळं लागेल, त्याचं मला वाईट वाटत नाही. एवढंच सांगतो, मी तुटायच्या आधी मला उतरवा. एकदा तुटलो की मीही कचराच, आणि माझ्या पुढे मला अडवायला कोणी नाही.