खिडकीतून झाड दिसायला नको

सकुबाईला जाऊन नऊ महिने झाले होते, तरी रंगाच्या कंपनीचे मेसेज तिच्याच नावाने येत होते. "प्रिय पेंटर सकुबाई, तुमचे पॉइंट एकतीस मार्चला संपत आहेत." सुदामने हा मेसेज आठवड्यात चौथ्यांदा वाचला आणि फोन उशीवर आपटला.

पेंटर तो होता. सकूने उभ्या आयुष्यात भिंतीला ब्रश लावला नव्हता. पण सहा वर्षांपूर्वी शहापुरात जगदीशच्या दुकानात कंपनीच्या योजनेसाठी पेंटरांची नावं लिहून घेत होते, तेव्हा सुदामकडे बटणांचा फोन होता आणि मोठ्या पडद्याचा फोन सकूकडे. जगदीशने तिचा नंबर टाकला आणि नावही तिचंच टाकलं. "काय फरक पडतो, घर एकच ना," असं तो म्हणाला होता. आता फरक पडत होता.

रंगाच्या प्रत्येक डब्यात एक टोकन निघतं. ते खरवडायचं, खालचा नंबर ॲपमध्ये टाकायचा, की पॉइंट जमा. सुदामच्या बोटांना सदा रंग, आणि बारीक आकडे त्याला दिसायचे नाहीत. म्हणून टोकनं खरवडायचं काम सकूचं. किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत त्याने जेवढ्या भिंती रंगवल्या, तेवढ्या तिने टोकनांवर खरवडल्या असं म्हणायला हरकत नाही. पॉइंटांवर मिक्सर मिळत होता, शिडी मिळत होती. पण तिची नजर पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीवर होती. शहरातल्या हॉटेलात दोघांना दोन रात्री.

"हाटेलात जाऊन काय करणार तू?" सुदामने विचारलं होतं.

"काय नाय करणार. तेच तर करायचंय."

ती मुरबाड रोडच्या एका फार्महाऊसवर अकरा वर्षं कामाला होती. शनिवारी मुंबईची माणसं यायची, झाडाखाली खुर्च्या टाकून "काय हवा आहे, काय शांतता आहे" म्हणायची आणि सोमवारी सकू आणि तिच्याबरोबर कामाला असलेली भिमी त्यांच्या चादरी धुवायच्या. "ती माणसं पैसे देऊन आपली झाडं बघाया येतात ना," ती म्हणायची, "मंग मी त्यांच्याकडं जाऊन बिनझाडाचं बघंन. खिडकी उघडली की झाड दिसायला नको. गाड्या दिसल्या पायजेत." शहर कुठलं ते तिने सांगितलं नाही. पॉइंट पुरे झाले ते मे महिन्यात. मग तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि जूनमध्ये ती गेली.

सुदामला ते हॉटेल घ्यायचं होतं. दुसरं तिचं काही करायचं राहिलंच नव्हतं. पण ज्याला त्याला या पॉइंटांविषयी काहीतरी बोलायचं होतं.

मुलगा आदेश कल्याणला नोकरीला. तो फोनवर म्हणाला, "बाबा, मोठा टीव्ही घ्या. एकटे असता, करमेल." सुदामने टीव्ही आहे म्हणून सांगितलं. "मोठा घ्या ना," आदेश म्हणाला. थोरला भाऊ धाऊ तर घरी येऊन पडवीत बसूनच बोलला, "वर्षश्राद्ध झालं नाय अजून बायकोचं आणि तू हाटेलात चाललास? लोकं तोंडात शेण घालतील."

"दादा, पॉइंट मार्चला संपतात. श्राद्ध जूनला."

"मंग जाऊ दे पॉइंट."

लेक नम्रता शहापुरात दिलेली. तिचं म्हणणं वेगळंच. "बाबा, नाशिकचं हाटेल घ्या. गोदावरीवर आईच्या नावानं काय ते करता येईल, देव पण होतील. मंग कोण बोलणार नाय."

"तुझ्या आईला नाशिक नको होतं."

"कुठलं शहर पायजे होतं ते सांगून गेली का ती?"

"शहराचं नाय सांगितलं. खिडकीचं सांगितलं."

"खिडकीवरनं कोण हाटेल ठरवतं, बाबा?"

सुदामने ठरवायला घेतलं. कंपनीच्या यादीत पंधरा-वीस हॉटेलं होती. प्रत्येकाखाली राहून आलेल्या माणसांनी लिहिलेलं होतं. ते तो बोट ठेवून ठेवून वाचत बसला. उपम्यात मीठ कमी. टॉवेल छोटा. रिसेप्शनवरचा माणूस हसला नाही. खिडकीतून काय दिसतं हे एकाही शहाण्याने लिहिलं नव्हतं. शेवटी त्याने एकेका हॉटेलला फोन लावायला सुरुवात केली.

नाशिकचं पहिलं. "सर, आमच्याकडे प्रत्येक रूमला गार्डन व्ह्यू आहे."

"बिनबागेची एखादी खोली नाय का?"

"सर, खाली पार्किंग आहे. पण तिथे रूम नाहीत."

पुण्याच्या एका हॉटेलातून टेकडी दिसत होती. "टेकडी माझ्या मोरीतनं दिसते," सुदाम म्हणाला आणि फोन ठेवला. ठाण्याच्या हॉटेलातून तलाव. सुरतेच्या हॉटेलातून नदी. जगातल्या सगळ्या हॉटेलवाल्यांनी ठरवूनच झाडापाण्याच्या काठी हॉटेलं बांधलीत की काय, असं त्याला वाटायला लागलं. शहर बघायचं असेल तर माणसाने राहायचं कुठे?

सातवा फोन पुण्याचाच. तिथली बाई दमलेली वाटली. "खरं सांगू का काका, पॉइंटवाल्यांच्या रूम मागच्या बाजूला आहेत. आधीच सांगते, नंतर तक्रार नको. खिडकीसमोर उड्डाणपूल आहे."

सुदाम सावरून बसला. "झाडं?"

"एक नाही. पुलासाठी सगळी तोडली."

"गाड्या किती लांबून जातात?"

"लांबून कसल्या. रूम तिसऱ्या मजल्यावर, पूलही तेवढाच उंच. बसमधली माणसं आत बघतात. पडदा लावून बसावं लागतं."

"हीच द्या."

"काका, तुम्हाला नीट कळलं ना मी काय म्हणाले?"

"सगळं कळलं. हीच पायजे."

पण पॉइंटांचं बुकिंग हॉटेल करत नव्हतं, कंपनी करत होती. आणि कंपनीला सकुबाई हवी होती.

"नियम आहे सर. मेंबरशी बोलल्याशिवाय पॉइंट वापरता येत नाहीत. मॅडमना फोन द्या."

जगदीशने सुदामला आधीच बजावलं होतं. "वहिनी गेल्या असं चुकूनसुद्धा बोलू नका. खातं बंद करतील. मग वारसाचे कागद द्या, मृत्यूचा दाखला द्या, दोन महिने जातील. तोपर्यंत पॉइंट गेले." म्हणून पहिल्या दिवशी सुदामने सांगितलं, ती शेतावर गेली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, आंघोळीला गेली. तिसऱ्या दिवशी पण आंघोळच तोंडात आली. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "सर, मॅडम संध्याकाळी पाचलाच आंघोळ करतात का रोज?" सुदामने फोन बंद केला आणि आपल्याच तोंडाला शिव्या दिल्या.

तीस मार्चला तो जगदीशकडे रंग न्यायला शहापुरात आला आणि दुपारी नम्रताकडे जेवला. जेवताजेवता त्याने तिला पुण्याच्या पुलाजवळच्या खोलीचं आणि कंपनीच्या नियमाचं सगळं सांगितलं. तिची सासू आत आडवी झाली होती. नम्रता ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली. सुदामने शेवटचं म्हणून सकूच्या फोनवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. आज तो सरळ सांगणार होता. नऊ महिने झाले, ती आंघोळीला नाही, शेतावर नाही, कुठेच नाही. घ्या काय घ्यायचं ते.

"नमस्कार सर, आज मॅडम आहेत का?" तीच मुलगी.

"हे बघा बाई, आता तुमाला एकदा खरं काय ते—"

नम्रताने सूप बाजूला सारलं आणि फोन त्याच्या हातातून ओढून घेतला.

"हां, बोला. सकुबाई बोलते."

'बोलते'वर तिने जरा हेल काढला. सकू तसाच काढायची. सुदाम समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. ती भिंत त्यानेच रंगवलेली होती. वरच्या कोपऱ्यात रंगाचा एक हात कमी बसलेला त्याला आज दिसला.

"मॅडम, जन्मतारीख सांगाल?"

नम्रताने फोनवर हात ठेवून बापाकडे बघितलं. "एक जून," सुदाम पुटपुटला. "आपली सगळ्यांचीच एक जून. मास्तरांनी लिहिलेली."

"एक जून," नम्रता म्हणाली.

"थँक्यू. मॅडम, पेंटिंगचं काम तुम्ही किती वर्षं करता?"

"तीस."

"वा! लेडी पेंटर आमच्याकडे फार कमी आहेत."

"नुसत्या भिंती मालक रंगवतात. बाकीचं सगळं मलाच बघावं लागतं."

पलीकडची मुलगी हसली. "कुठलं हॉटेल देऊ? नाशिकचं छान आहे, मंदिरं अगदी जवळ."

हेच तर नम्रताला हवं होतं. आता फोन तिच्या हातात होता, नाव आईचं होतं आणि तो मधे एक शब्द बोलू शकत नव्हता. नम्रताने त्याच्याकडे बघितलं.

"नाशिक नको," ती म्हणाली. "पुण्याचं. पुलाजवळचं."

"मॅडम, त्याबद्दल तक्रारी खूप आहेत. तेवढ्याच पॉइंटात लेक व्ह्यू देते ना."

"तळं नको गो बाय. पाणीच बघते जन्मभर. मला गाड्या बघायच्यात."

"बरं. दोन पाहुणे, तुम्ही आणि मिस्टर?"

"हां. आमी दोघंच." फोनवर आलेले सहा आकडे तिने एकेक वाचून दाखवले, बारा एप्रिल तारीख सांगितली आणि फोन ठेवला. ठेवल्याबरोबर ती बापावर घसरली.

"खोटं बोलायला लावलंत मला. आईच्या नावानं!"

"मी कुठं लावलं? तूच घेतलास ओढून."

"मंग काय करू? तुमी सगळं ओकणार होतात, तोंडावर दिसत होतं. सहा वर्षं टोकनं खरवडली तिनं, आणि तुमी एका दमात घालवणार होतात!" तिने पदराने नाक पुसलं. "तिथं हाटेलात दुसरं आधारकार्ड कोणाचं दाखवणार?"

"मी एकटाच जाईन. खरं सांगीन. दिली तर दिली खोली."

"एकटे जाल आणि जेवणार नाय दोन दिवस. मी येते."

"तू? आणि तुझी सासू?"

"तिला सांगीन, आईचं कार्य हाय."

"कार्य? हाटेलात?"

"मंग कुठं? आईनंच ठरवलेलं ना?"

आतून सासूने विचारलं, "कोणाचा फोन होता गो?"

"माझ्या आईच्या कामाचा," नम्रता मोठ्याने म्हणाली. मग हळू आवाजात, "धाऊकाकाला पण मीच सांगते. तुमी मधे बोलू नका. तुमाला बोलता येत नाय."

सुदामला यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण त्याने चपला पायात सरकवल्या आणि पुण्याच्या गाडीची वेळ विचारायला स्टँडकडे निघाला.