शिडाच्या टोकाचा लाल दोरा

शीड कसं असतं, असं मावशीला कुणी विचारलं तर ती म्हणायची, आडवं असतं. चेष्टा नाही, खरंच. सव्वीस वर्षं ती शिडं शिवायच्या कारखान्यात कामाला होती आणि सव्वीस वर्षांत तिनं शीड पाहिलं ते जमिनीवर पसरलेलं. कारखान्यात खाली लाकडी जमीन, आरशासारखी घासलेली. चपला दाराबाहेर, आत सगळे पायमोज्यांवर. शिवणयंत्र जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेलं, आणि त्या खड्ड्यात कमरेपर्यंत मावशी. चहूकडे पांढरं कापड. ती बसल्या जागी कापड ओढायची, यंत्राखालून सरकवायची, पलीकडे ढकलायची. बंदर चालत वीस मिनिटांवर होतं, पण बंदरात उभ्या बोटींची शिडं गुंडाळलेली असतात. ती उघडतात लांब समुद्रात. आणि लांब समुद्रात जायला मावशीला सवड होती कुठे?

तर अशा मावशीला एका कप्तानानं दोन पास आणून दिले. त्याची कॅटमरान होती, म्हणजे दोन लांबुडक्या होड्या शेजारीशेजारी ठेवून वर एकच घर बांधावं तशी बोट. त्याच कारखान्यात शिवलेलं तिचं मोठं शीड वरच्या टोकापाशी फाटलं होतं आणि मावशीनं ते तीन दिवसांत दुरुस्त करून दिलं होतं. "मावशी, एक दिवस या," कप्तान म्हणाला. "सकाळी निघायचं, पोहायचं, बेटावर जेवायचं, संध्याकाळी परत. स्वतः शिवलेलं शीड वाऱ्यात कसं दिसतं, ते एकदा बघा तरी."

मावशीच्या नवऱ्यानं दोन्ही हात जोडले. त्याला बादलीतलं पाणी हललं तरी गरगरायचं. मग त्याची धाकटी बहीण तयार झाली, म्हणजे मावशीची नणंद. नणंदबाई शाळेत गणित शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल रेघा मारलेली बाई, त्यामुळे तोंड जरा तिखट. त्या बोटीवर आल्या त्याच मोठी गोल टोपी घालून.

"वन्सं, ही टोपी आहे की छप्पर?" मावशीनं विचारलं.

"तू बस ना सावलीला. भाडं घेणार नाही," नणंदबाई म्हणाल्या.

अशा दोघी. तीस वर्षं हेच चाललं होतं आणि दोघींनाही त्याचा कंटाळा आला नव्हता.

बंदराबाहेर सगळे इंजिनावर गेले, आणि मग कप्तानानं इंजिन बंद केलं. एकदम शांत. दोरी करकरली आणि शीड वर चढायला लागलं. घडी घडी उलगडत, आधी सुरकुतलेलं, नाराज असल्यासारखं. मग वारा आत शिरला आणि ते पोट काढून उभं राहिलं. मावशीच्या तोंडून नुसतं "अगं बाई!" निघालं. हेच कापड तिनं गुडघ्यांवरून ओढलं होतं, त्यावर चहाचा थेंब पडू नये म्हणून जीव टाकला होता, त्याच्या जडपणाला शिव्या घातल्या होत्या. ते आता निम्मं आभाळ घेऊन उभं होतं आणि वीस माणसांना ओढत होतं. कुठे धक्का नाही, आवाज नाही. तिला कामाला लागल्याच्या पहिल्या दिवसापासूनची सगळी शिडं आठवली. ती सगळी आत्ता कुठे ना कुठे अशीच उभी असतील, आणि कारखान्यात कुणाला त्याचा पत्ता नाही. तिचे डोळे भरून आले. नणंदबाईंनी ते पाहिलं आणि आपली टोपी तिच्या बाजूला कलती केली.

पहिला मुक्काम उथळ पाण्यात होता. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पोटाला फुगवलेलं जाकीट असा सरंजाम करून दोघी पाण्यात उतरल्या. खाली पिवळे मासे घोळक्यानं निघाले होते, कुणाच्या तरी घरी जायचं असल्यासारखे, पण घाई नसलेले. वाळूवर उन्हाची जाळी हलत होती. कानात फक्त आपलाच श्वास. मावशी हातपाय सोडून तरंगत राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. आपलं वय, आपलं घर, सोमवारचं काम, सगळं वर कुठेतरी बोटीवर राहिलंय आणि खाली आपण नुसत्या आहोत, असं तिला वाटलं. गेल्या कित्येक महिन्यांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

कारण गेले कित्येक महिने मावशी घाबरलेली होती. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या होत्या. नवऱ्याला एकच गोष्ट एकाच संध्याकाळी दोनदा सांगितली होती, आणि तो बिचारा दोन्ही वेळा हसला होता. एकदा ओळखीच्याच वळणावर उभी राहून तिला उजवीकडे की डावीकडे ते सुचेना. तिच्या आईचं अगदी असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी आई तिला "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" असं विचारायची. मावशी मनाला सांगायची, डोकं विसरू दे, हात विसरत नाहीत. कारखान्यात माझा टाका चुकतो का? नाही ना? मग झालं तर.

पाण्यातून वर आल्यावर बोट बेटाकडे निघाली. दोन होड्यांच्या मधे समोरच्या बाजूला एक जाळं ताणलेलं होतं, खाट असावी तसं. दोघी त्यावर उताण्या पडल्या. जाळ्याखालून पाणी पळत होतं, पाठीला मधूनच गार शिंतोडा. वर ते शीड. मावशीची नजर खालपासून वर चढत गेली, शिवण शिवण ओळखत. ही माझी. ही दुसऱ्या कुणाची, वाकडी आहे. हीसुद्धा माझी. डोळे मिटायला आले होते, आणि अगदी टोकापाशी काहीतरी लाल फडफडलं.

मावशी ताडकन उठून बसली.

त्या कारखान्यात एक शिरस्ता होता. काम अर्धवट टाकून खड्ड्यातून उठायचं असेल, मग फोन असो की जेवण, तर जिथे थांबलो तिथे बोटभर लाल दोरा बांधायचा. ज्यानं बांधला त्यानंच तो कापायचा, आणि तोही काम पुरं झाल्यावर. लाल दोरा असलेलं शीड दाराबाहेर जात नसे. मालक स्वतः प्रत्येक शीड तपासायचे. फक्त मावशीचं सोडून. "तुमच्या हातचं काय तपासायचं?" ते म्हणायचे, आणि मावशीला ते ऐकून वीतभर उंच झाल्यासारखं वाटायचं.

आता दोनच शक्यता होत्या. शिवण पुरी झाली आणि दोरा कापायचा राहिला. किंवा शिवणच राहिली. ती आठवायला लागली. फाटलेला भाग कापला, आठवतंय. नवं कापड लावलं, आठवतंय. पहिली ओळ घातली. दुसरी ओळ? टोकाला दोन ओळी लागतातच, सगळा भार तिथे येतो. दुसऱ्या ओळीच्या जागी तिच्या डोक्यात नुसतं पांढरं होतं.

त्या दोऱ्याचा अर्थ अख्ख्या बोटीवर तिला एकटीला माहीत होता. गप्प बसली असती तर कुणालाही कळलं नसतं. एका ओळीवर शीड आजचा दिवस कदाचित काढेलही. उद्या हळूच येऊन "जरा बघते" म्हणता आलं असतं. सव्वीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. आणि मुख्य म्हणजे, स्वतःला खरं कळलं नसतं. ते न कळणंच तिला सगळ्यात जास्त हवं होतं. आजचा दिवस इतका सुंदर होता, एक दिवस तरी राहू द्या ना!

पण वारा वाढत होता. मागे कप्तान कुणाला तरी ओरडून सांगत होता, "परत येताना बघा मजा, दुपारनंतर खरा वारा सुटतो!" लोक खुशीत होते, कुणी शिडाच्या अगदी खाली बसून फोटो काढत होतं. मावशी उठली, दोरीला धरत धरत मागे गेली आणि म्हणाली, "कप्तान, शीड उतरवा. वरची शिवण मी अर्धवट ठेवली असावी."

"असावी म्हणजे?"

"म्हणजे मला आठवत नाही," मावशी म्हणाली. हे वाक्य तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं होतं.

कप्तानानं वर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि जास्त काही न विचारता शीड उतरवलं. इंजिन घरघरायला लागलं. लोकांनी "अरे, काय हे!" केलं. एक गृहस्थ तर म्हणाले, घरघरच ऐकायची होती तर घरी मिक्सर होता की. मावशीनं मान खाली घातली.

बेटापाशी नांगर पडला. सगळे वाळूवर गेले, कुणी गुहा बघायला, कुणी नारळाच्या सावलीला. मावशी बोटीवरच राहिली, आणि तिच्याबरोबर टोपीवाल्या नणंदबाई. कप्तानानं शिडाचं टोक सोडवून मावशीच्या मांडीवर आणून ठेवलं आणि तो शहाणा माणूस बाजूला निघून गेला.

पहिली ओळ सलग होती. दुसरी ओळ सुरू झाली होती, सरळ, देखणी, आणि वीतभर जाऊन थांबली होती. तिथे लाल दोरा. पुढे कोरं कापड. कुणीतरी बोलता बोलता उठून गेलं आणि परत आलंच नाही, तशी ती शिवण होती. मावशीनं त्या शेवटच्या टाक्यावर बोट ठेवलं. त्याच्या पुढचं तिला आठवत नव्हतं, आणि कापडावरही काही नव्हतं.

"हातसुद्धा विसरले हो, वन्सं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग सगळं सांगितलं. किल्ल्या, वळण, आई, लाल दोऱ्याचा शिरस्ता.

नणंदबाईंनी टोपी काढून बाजूला ठेवली. "मला थोडं माहीत होतं," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला तू सकाळी फोन केलास आणि दुपारी पुन्हा केलास. तेच शब्द, तोच लाड. मला वाटलं, वहिनीचं प्रेम उतू चाललंय. आता जे मुळात नाहीच, ते थोडंच उतू जाणार होतं!"

मावशी रडता रडता हसली. "बोलला नाहीत ते!"

"तू तरी कुठे बोललीस? सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ, मी येते. तुझ्या नवऱ्याला मी सांगते, त्याला नीट सांगायची कला मला लहानपणापासून येते. आणि मालकांना तू सांगायचं, की यापुढे माझंही काम तपासत जा."

"सव्वीस वर्षांनी?"

"अगं, तपासलं म्हणून कुणी लहान होत नाही. हे मी पोरांना जन्मभर सांगत आले, ती ऐकायची नाहीत. तू तरी ऐक."

इतर बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात. मावशीच्या पर्समध्ये जाड सुई, मेण लावलेला दोरा, छोटी कात्री आणि तळहाताला बांधायचा चामड्याचा पट्टा असायचा. सुईत दोरा नणंदबाईंनी ओवला. मावशीनं पट्टा बांधला, सुई चामड्यावर टेकवून दाबली आणि पहिला टाका घातला. मग दुसरा. पाणी बोटीला हलकेच झुलवत होतं, वाळूवरून लोकांचे आवाज लांबून, दुसऱ्या कुठल्या दिवसातून यावेत तसे येत होते. हात चालत होते. ते काही विसरले नव्हते, नुसते मधेच थांबवले गेले होते. आणि हेच भीतीचं होतं आणि हाच धीरही होता. नणंदबाई टाके मोजत होत्या, सवयच ती. शंभर झाले, दीडशे झाले. एकशे ऐंशीव्या टाक्याला ओळ पुरी झाली.

मावशीनं कात्री उचलली, दोऱ्यापर्यंत नेली आणि थांबली. मग तिनं ती नणंदबाईंसमोर धरली.

"तुम्ही कापा, वन्सं."

"मी? ज्यानं बांधला त्यानंच कापायचा म्हणालीस ना?"

"मी कापला तर उद्या मला आठवेल, न आठवेल. तुमच्या लक्षात राहू दे."

नणंदबाईंनी कात्री घेतली. आयुष्यभर हजारो लाल रेघा बेधडक मारलेल्या त्या बाईनं हा एवढासा दोरा कापण्याआधी शेवटचा टाका बोटानं चाचपून पाहिला. दोरा कापून त्यांनी तो मुठीत ठेवला.

परतीला शीड पुन्हा वर चढलं. दुपारनंतरचा वारा आला, कप्तानानं सांगितला होता तसाच. बोट वाकली, लोकांनी आरोळी ठोकली, मिक्सरवाले गृहस्थ सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. टोकाची शिवण ताणली गेली आणि राहिली. दोघी जाळ्यावर पडून होत्या. ऊन सोनेरी झालं होतं, शीडसुद्धा. मावशीचे डोळे अर्धवट मिटले होते.

"वन्सं, दोरा कापला का?"

"कापला."

"बरं झालं," मावशी म्हणाली. खालून पाणी पळत राहिलं. बेट मागे लहान होत होत ढगासारखं दिसायला लागलं, मग दिसेनासं झालं. बंदराचे दिवे लांबून दिसायला लागले तेव्हा मावशी जागी झाली, तिनं वर पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी उमटली.

"वन्सं, दोरा कापायचा राहिला का हो?"

नणंदबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. ही चेष्टा करतेय का, ते पाहिलं. मावशी चेष्टा करत नव्हती. नणंदबाईंनी मूठ उघडून तो लाल दोरा तिच्या हातावर ठेवला आणि तिनं हे पहिल्यांदाच विचारलं असावं तशा आवाजात म्हणाल्या, "कापला गं. मी कापला."