माझ्या नडगीवर बसलेला चेंडू

१९६२ साली यवतमाळला सामना होता. मी पंजाबराव वकिलांची गोल्फची पिशवी वाहत होतो. त्यांचा चेंडू बाभळीवर आपटला अन् माझ्याच नडगीवर बसला.

"उकंड्या, आडवा काहून आला? हा फटका मी पुन्हा मारतो!"

"नाही जमत, वकीलसाहेब."

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर मी हट्टानं इंग्रजी शिकलो होतो. पिशवीतलं नियमांचं पुस्तक त्यांनी कधी उघडलं नव्हतं, मी दोनदा वाचलं होतं.

"आपल्याच पिशवीवाल्याले चेंडू लागला, तर या खड्ड्याचा डाव तुमी हरले."

"मले नियम शिकवतं काय रे? तू कोण?"

"घरी तुमी मले ओट्यावर चढू देत नाही. या पुस्तकात मात्र तुमी अन् मी एकच हाओ. मले लागला म्हणजे तुमालेच लागला."