मापाची सायकल

अंगणात लाल फीत बांधलेली सायकल उभी होती. ती बघून युयुनने पहिला प्रश्न विचारला, "माझी कुठंय?"

"हीच तुझी," तिचा नवरा एंगकुस म्हणाला. तो पिकअपच्या पायरीवर बसून घाम पुसत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एक बावळट आनंद पसरला होता. "नवी कोरी. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन. सेलमध्ये मिळाली."

"मी माझ्या सायकलीबद्दल विचारतेय, अकांग. जुनी कुठंय?" नवऱ्याला ती अकांग म्हणायची आणि तो तिला नेंग.

"ती दिली ना बदल्यात. दुकानदार पाक ओडोन म्हणाले, जुनी द्या, अजून थोडं कमी करतो."

आल्याच्या उकाळ्याचा पेला युयुनने ओट्यावर ठेवला, अंगणात उतरली आणि सायकलीवर टांग टाकली. सीट अगदी खाली केलेली होती, तरी तिच्या पायाची बोटंच जेमतेम जमिनीला टेकली. हँडल धरायला पुढे वाकावं लागलं ते इतकं, की दुखरा खांदा लगेच ठणकला. ती उतरली. फीत ओढून काढली, तिचा बोळा केला आणि एंगकुसच्या मांडीवर टाकला.

लेंबांगच्या वरच्या अंगाला, पाइनच्या जंगलातून चहाच्या मळ्यापर्यंत जी उताराची पाऊलवाट आहे, तिथे शनिवार-रविवारी बांडुंगहून आणि जाकार्ताहून सायकलवाले येतात. त्यांना ती वाट दाखवत पुढे जायचं, हे युयुनचं काम. ती वाट तिने आणि गावातल्या चार-सहा जणांनी कुदळ-फावड्याने काढलेली. कुठल्या मुळावर चाक उचलायचं आणि कुठल्या वळणाला ब्रेकला हातही लावायचा नाही, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. जुन्या सायकलीने तिला इतकी वर्षं साथ दिली, पण मागच्या चाकाचा दांडा दोनदा तडकला, दोनदा वेल्डिंग झालं, आणि मागच्या महिन्यात ओल्या मुळांवर तो सरळ मोडलाच. युयुनचा खांदा निखळला. एंगकुस कोबी भरून निघालेला होता. त्याच्याच पिकअपमध्ये, कोबीच्या गोण्यांवर निजवून तिला खाली दवाखान्यात नेलं. सगळ्या रस्त्याला तो मागे वळून वळून बघत होता आणि ती त्याच्यावर ओरडत होती, की समोर बघा.

नवी सायकल घ्यायची, हे तेव्हाच ठरलं होतं. पण कुठली घ्यायची, हे युयुन त्याच्या कितीतरी आधीपासून ठरवत होती. येणाऱ्या प्रत्येकाची सायकल ती मागून घ्यायची, एखाद्या वळणापुरती चालवून बघायची. वर्ष संपताना दुकानं गेल्या सालचा माल स्वस्तात काढतात, तेव्हा घ्यायची, असा बेत. ओडोनच्या दुकानात एक नारिंगी होती, लहान मापाची. तिने ओडोनला बजावून ठेवलं होतं, "सेल लागला की मी येते. आधी बसून बघते, चालवून बघते, मग ठरवते." आणि तिला ताई या अर्थाने तेह म्हणणारा ओडोन म्हणाला होता, "तेह युयुन, तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. निर्धास्त राहा."

"तुम्ही मला विचारलं का नाही?" ती आता नवऱ्याला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच एंगकुस घाबरला.

"विचारलं असतं तर आश्चर्य कसलं राहिलं असतं, नेंग?"

"मला आश्चर्य नको होतं. मला सायकल हवी होती. तुमच्या पिकअपचं इंजिन मी बाजारातून परस्पर आणून बसवलं तर चालेल? जुनं भंगारात देऊन?"

"तू परत त्या वेल्डिंगच्या सायकलीवर बसशील, याची भीती वाटत होती मला."

"म्हणून माझ्या वस्तू विकायच्या?"

एंगकुसने फितीचा बोळा उलगडायला घेतला. ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सोडा ती फीत. गाडी काढा."

सेलचा रविवार होता. ओडोनच्या दुकानासमोर मोटारसायकलींची गर्दी, बाहेर मंडप, मंडपात फुकट सरबत. ओडोन एकेकाळी स्वतः उतारावरच्या शर्यती मारायचा. आता पोट सुटलं होतं, पण शर्यतीचा शर्ट तो अजून घालायचा. युयुनला मोठी सायकल ढकलत येताना बघून त्याने दोन्ही हात पसरले.

"अरे वा, तेह! आवडली का भेट?"

"ही माझ्या मापाची नाही, पाक. तुम्हाला माहीत आहे. ही परत घ्या, माझी जुनी परत द्या, आणि ती नारिंगी खाली आणा. मी बसून बघते."

ओडोनने हसू तसंच ठेवलं. "सेलचा माल परत नाही, तेह. बोर्डावर लिहिलंय. आणि तुमची जुनी तर सकाळीच गेली. गारुतचा एक जण पार्टसाठी घेऊन गेला."

"गेली?"

"मोडकीच होती की हो."

युयुनने क्षणभर डोळे मिटले. त्या सायकलीचं हँडल तिने स्वतः कापून आपल्या खांद्यांएवढं केलं होतं. सीटवर तिच्याच हातची शिवण होती. मोडलेली असली, तरी कुणाच्या हातात द्यायची ते तिने ठरवायचं होतं.

"आणि नारिंगी?"

"ती... बुक झाली. जाकार्ताचा एक मुलगा आहे, व्हिडिओ टाकतो, पुष्कळ लोक बघतात त्याला. दुकानाचं नाव होतं. तुम्ही समजून घ्या."

"माझ्यासाठी बाजूला ठेवली होतीत ना?"

"ठेवली होती. पण तुमचे यजमान आले, म्हटलं, त्यांना ही आवडली." ओडोन एंगकुसकडे वळला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकत हळूच म्हणाला, "कांग, तुम्हीच सांगा त्यांना. नवऱ्याने एवढ्या प्रेमाने आणलेली वस्तू कुणी अशी परत करतं का? हळूहळू सवय होते. सीट खाली करून देतो मी."

एंगकुस फरशीकडे बघत राहिला.

त्याचं ते गप्प राहणं युयुनला ओडोनच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं. "त्यांना काय विचारता?" ती म्हणाली. "उतारावर ते जाणार आहेत की मी? सीट खाली करून देता? ती खालीच आहे. तुम्ही शर्यती मारल्यात, पाक. मोठ्या मापाच्या सायकलीवर तीव्र वळण घेताना काय होतं, ते मला सांगायला लावू नका. मागच्या महिन्यात खांदा गेला. आता मान जायची वाट बघताय?"

"तेह, गिऱ्हाईक आहे. जरा हळू."

"हळूच बोलतेय."

आणि तिने ती सायकल उचलली, दुकानाच्या दारात आडवी उभी केली आणि शेजारी सरबताचं एक रिकामं खोकं ओढून त्यावर बसली. आत जायला हातभर जागा ठेवली होती, पण जाणाऱ्याला तिच्या समोरूनच जावं लागणार होतं.

पहिल्यांदा आले ते एक काका, लेकीला घेऊन. ते थबकले. "ही विकायला आहे का?"

"विकून झालीय," युयुन म्हणाली. "मला. बघा, मी बसते हं हिच्यावर." आणि ती बसली. जेमतेम टेकणारी पायाची बोटं बघून लेक फिस्सकन हसली. "आत हेच सांगतील, की सवय होते. लेकीला आधी बसवा, दोन्ही पाय टेकतात का बघा, बाहेर रस्त्यावर एक फेरी मारू द्या. चालवू देत नसतील तर घेऊ नका."

काका आत गेले आणि थोड्याच वेळात ओडोनच्या विक्रेत्याशी त्यांची हुज्जत ऐकू येऊ लागली. मग एक बुटका तरुण आला. तो पैसे भरून मोठ्या मापाचीच एक घेऊन बाहेर पडत होता. युयुनने त्याला फक्त विचारलं, "पाय टेकवून बघितलंस का रे?" त्याने तिच्यासमोरच टेकवून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि उलटपावली आत गेला. बघता बघता मंडपात कोंडाळं जमलं. कुणी तिला ओळखणारे निघाले, तिच्या मागोमाग ती वाट उतरलेले. "तेह, खरंच तुम्हाला ही विकली?" ते विचारत आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगे. प्रत्येक वेळी सांगताना राग कमी होईल असं तिला वाटत होतं. तो वाढत होता.

शेवटी ओडोन बाहेर आला. कपाळावर घाम, हसू पार मावळलेलं. "हे बरं नाही, तेह. धंद्याच्या दिवशी तमाशा. माझी काय चूक? तुमच्या नवऱ्याने बघितली, पसंत केली, घेतली. मी जबरदस्ती केली का?"

"पाक ओडोन."

हे एंगकुस बोलला होता. इतका वेळ तो पिकअपला टेकून उभा होता. आता तो कोंडाळ्यातून वाट काढत पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते.

"मी तुम्हाला विचारलं होतं," तो म्हणाला. "मला सायकलीतलं काही कळत नाही. मी कोबी विकतो. म्हणून मी तुम्हाला हाताने दाखवलं होतं. असं." त्याने हात आडवा करून स्वतःच्या खांद्याच्याही खाली धरला. "म्हटलं, माझी बायको एवढी आहे. ही तिला होईल का? तुम्ही म्हणालात, बरोबर होईल. मी पुन्हा विचारलं, ती नारिंगी का नको, ती लहान दिसतेय. तुम्ही म्हणालात, ती पोरांची आहे, बायकांना ती झेपत नाही."

युयुन नवऱ्याकडे बघत राहिली. हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. फसवला गेल्याची त्याला लाज वाटली असणार, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"तुम्ही हिला ओळखता," एंगकुस पुढे म्हणाला. "ती काय मागत होती ते तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं. त्याचा तुम्ही फायदा घेतलात. कोबी सडका निघाला तर मी परत घेतो, पाक. बोर्ड लावून ठेवत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे." दुसऱ्याने मोबाइल वर धरला. ओडोनने मोबाइलकडे बघितलं, युयुनकडे बघितलं आणि आत तोंड करून ओरडला, "वरची नारिंगी खाली आणा."

नारिंगी खाली आली. वर्षभर मनात घोळवलेली सायकल आता हातात होती. दुकानामागच्या गल्लीत चढ होता, मध्येच फुटलेल्या पायऱ्या होत्या. युयुन चढावर गेली, वळली, पायऱ्यांवरून उतरली. पुन्हा गेली, पुन्हा उतरली. खाली आली तेव्हा तिच्या भुवया जुळल्या होत्या.

"काय झालं?" एंगकुसने विचारलं.

"मागची स्प्रिंग फार कडक आहे. माझ्या वजनाला दबतच नाही. हिला दणकट गडी पाहिजे." हे कबूल करणं तिला जड गेलं. एवढा तमाशा केला तो हिच्यासाठी.

"म्हणजे मी बरोबर..." ओडोनने तोंड उघडलं.

"तुम्ही गप्प बसा, पाक," युयुन म्हणाली. "तुम्हाला हे ठाऊक असतं तर तुम्ही कारण म्हणून हेच सांगितलं असतं. आत लहान मापाच्या अजून कुठल्या आहेत? सगळ्या काढा."

सगळ्या म्हणजे आणखी दोन निघाल्या. एक तिने नुसती उचलून परत ठेवली. दुसरी शेवाळी रंगाची होती, कोपऱ्यात टायरांच्या ढिगामागे, धूळ खात पडलेली. रंग कुणाला आवडला नव्हता, म्हणून दोन साल तशीच होती. युयुनने तिच्या चाकांत हवा भरली, शॉक ॲब्झॉर्बरमधली हवा स्वतःच्या वजनाला बेतून कमी केली आणि गल्लीत नेली. पायऱ्यांवरून ती उतरली तेव्हा चाकं पायरीला चिकटून राहिली, खांद्याला हिसका म्हणून बसला नाही. वळणावर तिने हँडल वळवलं असं तिला वाटलंच नाही. तिने बघितलं आणि सायकल तिकडे गेली.

ती पुन्हा वर गेली. आणि आणखी एकदा. काका, त्यांची लेक, बुटका तरुण, सगळे भिंतीला टेकून बघत होते.

"ही," ती खाली येऊन म्हणाली.

मोठी परत गेली, शेवाळी आली. वरचे पैसे ओडोनने मागितले नाहीत. जुन्या सायकलीबद्दल तो काहीतरी पुटपुटला, गारुतच्या माणसाला फोन करून बघतो वगैरे. त्या माणसाने एव्हाना तिचे सुटे भाग केले असणार, हे तिघांनाही माहीत होतं.

परतीच्या वाटेवर पिकअपच्या मागे सायकल दोरीने बांधलेली, तिच्याभोवती कोबीच्या रिकाम्या गोण्या. चढावर गाडी घरघरू लागली.

"चुकलं माझं," एंगकुस म्हणाला.

"हो."

"ओडोनचंही चुकलं."

"त्याचं वेगळं आहे. तो दुकानदार आहे. तुम्ही माझी सायकल मला न विचारता दिलीत, अकांग. तो राग अजून आहे आणि तो आज जाणार नाही. उद्याही नाही."

एंगकुसने मान हलवली. एक वळण गेलं, मग दुसरं. मग त्याने, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच, विचारलं, "पण त्या मोठ्या सायकलीवर वळणाला नेमकं काय होतं?"

युयुनने त्याच्याकडे रोखून बघितलं. तो थट्टा करत नव्हता. समोर बघत होता.

"अंग मागे टाकता येत नाही," ती फटकन म्हणाली. "हँडल लांब पडतं. मग सगळं वजन पुढच्या चाकावर जातं, आणि पुढचं चाक घसरलं की संपलं."

"मग त्या नारिंगीचं?"

"त्याचं निराळं. तिथे माप बरोबर होतं, पण स्प्रिंग..." आणि ती सांगू लागली, चिडूनच, हात हवेत वळवून वळवून, आणि तो मध्ये मध्ये अडाण्यासारखं काहीतरी विचारत राहिला, आणि ती "तसं नाही हो, ऐका तर" म्हणत पुन्हा सुरुवात करत राहिली, पार घर येईपर्यंत.