पाचशे नव्वद

"एकवीस पूर्ण?" शामलानं पत्र तिसऱ्यांदा वाचलं. "आप्पा, मला एकवीस पूर्ण कशी होतील?"

अंबादासराव कचेरीला निघण्यासाठी टोपी घालत होते. "दहा एप्रिल त्रेचाळीसचा जन्म. येत्या दहा एप्रिलला एकवीस. साधी वजाबाकी आहे."

पत्र दिल्ली सरकारच्या अवकाश संशोधनवाल्यांचं होतं. गेल्या नोव्हेंबरात केरळातल्या थुंबा नावाच्या कोळ्यांच्या गावातून रॉकेट उडालं होतं, आणि आता उन्हाळ्याचे दोन महिने तिथं कॉलेजची काही मुलं शिकाऊ म्हणून घ्यायची होती. शामला सोलापूरला मामाकडं राहून बी.एस्सी. करत होती. तिच्या प्राध्यापकांनी नाव धाडलं आणि कोणाला वाटलं नव्हतं ते झालं, तिची निवड झाली. अट एकच होती. एक मे चौसष्टला वय एकवीसच्या आत हवं. दाखल्याप्रमाणं ते तीन आठवड्यांनी जास्त भरत होतं. दाखल्यात चूक असल्यास मूळ रजिस्टरचा सहीशिक्क्याचा उतारा मार्चअखेर पाठवावा, असं खाली लिहिलं होतं.

"चूकच आहे," आतून वनमालाबाई म्हणाल्या. "चौदा वर्षं सांगायले मी."

"रजिस्टर काय खोटं बोलतंय?"

हे वाक्य अंबादासरावांचं ठरलेलं होतं. ते तालुका कचेरीच्या दप्तरखान्यात कारकून होते. निजामाच्या वेळची जन्ममृत्यूची रजिस्टरं उर्दूत, आणि साल फसली, निजामाचं महसुली. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, राज्यानं भाषाही बदलली, पण लोक आधीच जन्मून बसले होते. कोणी तेराशे बावन्नला जन्मलेला, कोणी त्रेपन्नला. शाळेत नाव घालायला, नोकरी मागायला इंग्रजी साल लागे. कचेरीत उर्दू वाचणारे अंबादासराव एकटे उरले होते. जुन्या नाझरानं, म्हणजे कचेरीतल्या वडील कारकुनानं, जाताना चिठ्ठी दिली होती, 'फसलीत ५९० मिळवणे.' ते मिळवत राहिले. ते मिळवेपर्यंत माणूस सरकारच्या लेखी जन्मत नसे. आया कुरकुरायच्या, पण आयांना उर्दू येत नव्हतं.

वनमालाबाई ट्रंक उघडून बाहेर आल्या. हातात पिवळी पडलेली लग्नपत्रिका. "ही माझ्या बहिणीची, शारदाची. सोलापुरात छापलेली, तिथं तुमचं फसली नव्हतं. वाचा तारीख."

"नऊ मे एकोणीसशे त्रेचाळीस."

"पंगतीत बुंदी मी वाढली. महिन्याची बाळंतीण बुंदी वाढती का? शामला पुढच्या चैत्रातली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जायचं राहिलं माझं हिच्यापायी."

अंबादासरावांनी टोपी काढली आणि पत्रिकेच्या पाठीमागं पेन्सिलीनं हिशेब मांडला. फसली साल ऑक्टोबरात सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्याला पाचशे नव्वद बरोबर. पण जानेवारीत इंग्रजी साल बदललं की एक्क्याण्णव मिळवायला हवेत. शामला तेराशे त्रेपन्नच्या खुर्दादमधली, म्हणजे एप्रिलातली. तेराशे त्रेपन्न अधिक पाचशे एक्क्याण्णव, एकोणीसशे चव्वेचाळीस.

त्यांनी पेन्सिल ठेवली. चौदा वर्षांत दीड हजार दाखले त्यांनी दिले होते. बारांतले नऊ महिने चुकीचे, म्हणजे अकराशेच्या वर दाखले.

"म्हणजे मी जाणार?" शामलानं विचारलं. तिच्या आवाजातला आनंद इतका उघडा होता की अंबादासरावांनी टोपी पुन्हा घातली.

तहसीलदार घाटाकडचे, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातले, नव्यानं आलेले, भला माणूस. त्यांनी पत्र वाचलं, पत्रिका पाहिली आणि हसले.

"अहो अंबादासराव, मुलगी रॉकेटवर चालली आणि तुम्ही चेहरा असा काय करताय? उतारा लिहून आणा, आत्ता सही करतो."

"साहेब, चूक एकीची नाही. अकराशे लोकांची आहे."

"त्यातले किती जण थुंब्याला चाललेत?"

"तामलवाडीच्या बलभीमचा पोरगा लष्करभरतीत एका वर्षानं बाद झाला. बासष्ट साली. बलभीम माझ्यापुढं रडला. म्या त्याला..." घाबरले की अंबादासरावांच्या तोंडी गावची बोली यायची. "मी त्याला म्हणालो, रजिस्टर काय खोटं बोलतंय?"

"मग आता काय करायचं म्हणता? अकराशे माणसं एका सहीनं वर्षभर लहान करू? शाळा, नोकऱ्या, पेन्शनी... वरून मला विचारतील. ही एक सही मी करतो. बाकीचं विसरा."

लेखणी तहसीलदारांच्या हातात होती. उतारा लिहायला पाच मिनिटं लागली असती. अंबादासराव दप्तरखान्यात गेले, रजिस्टर काढलं, आणि पाच मिनिटांच्या जागी अडीच तास लिहीत बसले. उतारा नाही, अहवाल. चूक कशी झाली, कोणाकडून झाली, किती दाखल्यांत झाली. शेवटी विनंती, सर्व दाखले दुरुस्त व्हावेत, त्यात अनुक्रमांक चारशे बारा, कु. शामला, ही या कारकुनाची मुलगी असल्यानं तिचा विचार सर्वांबरोबरच व्हावा. पुरावा म्हणून पत्रिका जोडली. अस्सल.

तहसीलदारांनी अहवाल दोनदा वाचला. "मार्चअखेरपर्यंत हा उस्मानाबादेच्या पुढंसुद्धा जाणार नाही."

"माहीत आहे, साहेब."

"मुलीला विचारलंत?"

अंबादासरावांनी विचारलं नव्हतं. संध्याकाळी सांगितलं. शामला म्हणाली, "माझं एकटीचं केलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं, आप्पा?"

"कोणाचं नाही."

"मग?"

वनमालाबाईंनी त्या दिवशी ताट वाढलं आणि आत निघून गेल्या. पत्रिका गेल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

मार्च संपला. मंगळवारच्या बाजारात बलभीम भेटला, खांद्यावर ज्वारीचं पोतं. अंबादासरावांनी त्याला चिंचेखाली बसवून सगळं सांगितलं.

बलभीमनं पोतं खाली ठेवलं. "मंजे सिदूचं वय बरोबर व्हतं?"

"होय. माझी चूक."

"मंग आता घेत्यात व्हय त्याला?"

"न्हाय रे. आता खरंच वय गेलं."

"खडी फोडतोय नळदुर्गच्या सडकंवर." बलभीमनं पोत्याला टेकून तंबाखू मळली. "मंग मला कशापायी सांगायलाव, साहेब?"

अंबादासरावांनी मग मुलीचं सांगितलं, सही हातची सोडली तेही. त्यांना वाटलं होतं, निदान बलभीमला बरं वाटेल.

बलभीमनं तंबाखू मळणं थांबवलं. "साहेब, आमचं गेलं ते गेलं. पोरीचं तरी करून घ्यायचं व्हतं की. तिला बसवून आमच्या सिदूला काय मिळालं?" त्यानं पोतं उचललं. "लई इमानदार हाव तुमी," तो म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं.

अहवालाचं उत्तर पुढच्या वर्षी, पासष्टच्या जूनमध्ये आलं. वरिष्ठांनी चूक मान्य केली होती. कारकुनाच्या सचोटीची नोंद घेतली होती. यापुढं फसली सालात होणाऱ्या जन्मांना योग्य महिन्यांत पाचशे एक्क्याण्णव मिळवावेत, मागील दाखले मात्र आहेत तसे राहतील, प्रकरण निकाली. फसली साल बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती. पत्रिका परत आली नाही.

त्याच आठवड्यात शामला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज भरत ओसरीवर बसली होती. अंबादासराव दाराशी उभे होते. 'जन्मतारीख' या रकान्याशी तिची लेखणी आली तेव्हा ते काही बोलणार होते. तिनं वर पाहिलं नाही. दहा एप्रिल एकोणीसशे त्रेचाळीस, तिनं वळणदार अक्षरात लिहिलं.

शाई ओली होती. अंबादासरावांनी खिशातला टीपकागद काढून तिच्यापुढं धरला.